रुपयांत दिसणारा आकडा

परदेशात कार्डाने पैसे देताना बरेचदा मशीनच्या पडद्यावर दोन आकडे येतात. एक तिथल्या चलनात, दुसरा रुपयांत. दिवसभर बाथ, दिरहम नाहीतर युरो यांचे गुणाकार मनातल्या मनात करून माणूस दमलेला असतो, मागे रांग असते, काउंटरवरची मुलगी हसून वाट बघत असते. अशा वेळी रुपयांतला आकडा फार ओळखीचा वाटतो. नेमके किती गेले ते कळतंय, मग तेच बरं, असं वाटून बोट तिकडे जातं. परदेश प्रवासात कार्डावरून जे पैसे उगाच जातात, त्यांतला मोठा वाटा या एका क्षणी जातो. मार्कअपबद्दल, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक जे जादा टक्के लावते त्याबद्दल, लोक बोलतात, शून्य मार्कअपचं कार्ड शोधतात, त्यासाठी अर्ज करतात आणि मग ते कार्ड हातात असताना मशीनवर रुपये निवडतात. म्हणून आधी रुपयांतल्या या दिलाशाची किंमत मांडून बघू. कार्ड कोणतं घ्यावं हा प्रश्न त्यानंतरचा.

भारतीय बँकेच्या साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनातल्या खर्चाला साधारण साडेतीन टक्के मार्कअप लागतो. त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्षात 4.13 टक्के. लक्षात ठेवायचा आकडा हाच, कारण बँकेच्या जाहिरातीत 3.5 लिहिलेलं असतं आणि स्टेटमेंटवर कर वेगळ्या ओळीत येतो. वरच्या श्रेणीच्या कार्डांवर मार्कअप दोन टक्क्यांच्या आसपास असतो, तो करासह 2.36 होतो. चलनाचा मूळ दर मात्र सहसा बँकेचा नसतो. तो व्हिसा किंवा मास्टरकार्डचा असतो, रोज ठरतो आणि गूगलवर दिसणाऱ्या दराच्या बराच जवळ असतो. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दर काढून देणारं पान आहे. त्यात बँकेची फी भरायला एक चौकट असते. तिथे 3.5 न भरता 4.13 भरावं, म्हणजे स्टेटमेंटवर येणाऱ्या रकमेच्या जवळचा आकडा मिळतो. जवळचा म्हणायचं कारण असं की दर नेहमी खरेदीच्या क्षणाचाच लागतो असं नाही. बरेचदा व्यवहार कार्ड कंपनीकडे प्रक्रियेला पोचतो त्या दिवसाचा लागतो. एसएमएसमध्ये आलेली रक्कम आणि स्टेटमेंटवरची रक्कम यांत थोडा फरक पडतो तो यामुळे. त्यात बँकेची लबाडी नसते.

आता दोन आकड्यांचा पडदा. तिथे दाखवलेला रुपयांचा आकडा आपल्या बँकेने काढलेला नसतो. तो दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली मशीनवाली कंपनी काढते, स्वतःच्या दराने, आणि त्या दरात आपला नफा घालते. या नफ्यातला वाटा बहुतेक वेळा दुकानदारालाही मिळतो, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला रुपये निवडायची शिकवण दिलेली असते. या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी.

हिशेब सोपा करायला एक युरो म्हणजे बरोबर 100 रुपये धरू आणि जेवणाचं बिल 100 युरो झालं असं समजू. साध्या कार्डाने युरोत पैसे दिले तर 10,000 रुपये मूळ रक्कम, 350 रुपये मार्कअप, त्यावर 63 रुपये कर, एकूण 10,413. त्याच मशीनवर रुपये निवडले आणि मशीनचा दर सहा टक्क्यांनी चढा असला, तर पडद्यावर 10,600 दिसतात. असा दर काही विलक्षण नाही, याहून वाईटही दिसतात. पण 10,600 हाही शेवटचा आकडा नसतो, आणि फार जणांना माहीत नसलेली गोष्ट ती हीच. दुकान परदेशातलं आहे हे आपल्या बँकेला कळतं. परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर अनेक भारतीय बँका वेगळं शुल्क लावतात, साधारण एक टक्का, अधिक जीएसटी. म्हणजे आणखी 106 रुपये आणि त्यावरचे 19. बिल गेलं 10,725 वर. ज्याच्याकडे शून्य मार्कअपचं कार्ड आहे त्याचे युरोत 10,000 च गेले असते. आणि तोच माणूस रुपये निवडतो तेव्हा शून्य मार्कअपचा त्याला काहीच उपयोग होत नाही, कारण मार्कअप परकीय चलनातल्या व्यवहाराला माफ आहे आणि त्याचा व्यवहार तर रुपयांत झाला. दुसऱ्याने लावलेला दर त्याच्या बँकेच्या हातात नाही. शिवाय ते एक टक्क्याचं शुल्क त्याच्याही कार्डावर लागू शकतं.

टाळायचं कसं, तर कार्ड पुढे करतानाच चलनाचं नाव घ्यावं. दुबईत 'दिरहम', बँकॉकमध्ये 'बाथ', पॅरिसमध्ये 'युरो'. एक शब्द पुरतो, भाषा यावी लागत नाही. मशीन आपल्या हातात दिलं तर पडदा नीट वाचावा. बटणांचे रंग फसवे असतात: रुपयांचं बटण हिरवं आणि स्थानिक चलनाचं लाल किंवा फिकट, अशी मांडणी असली की लाल दाबल्यावर व्यवहार रद्द होईल असं वाटतं. तसं होत नाही. एटीएमवर हे जास्त ठळक दिसतं. तिथे 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि शब्दरचना अशी की नकार दिला तर पैसेच मिळणार नाहीत असा समज व्हावा. नकार द्यावा. नोटा येतात. एखादं मशीन खरंच व्यवहार थांबवत असेल तर पुढच्या बँकेच्या मशीनकडे जावं.

काउंटरवरच्या माणसाने न विचारताच रुपये दाबले असतील तर पावतीवरून कळतं: दोन चलनांतल्या रकमा, मधला दर, आणि खाली बारीक अक्षरांत 'ग्राहकाला चलनाचा पर्याय दिला होता आणि त्याने हे चलन निवडलं' अशा अर्थाचं वाक्य. सही करण्याआधी, काउंटर सोडण्याआधी थांबावं आणि 'व्हॉइड', म्हणजे रद्द, करून स्थानिक चलनात पुन्हा घ्यायला सांगावं. वेळ इथे महत्त्वाची आहे. दुकानाचा दिवसाचा हिशेब बँकेकडे जायच्या आधी झालेला व्हॉइड मूळ व्यवहारच पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी गेलात तर त्यांना परतावा द्यावा लागतो, आणि परताव्याला पुन्हा त्या दिवशीचा दर लागतो. जाताना चढ्या दराने गेलेले पैसे येताना पडत्या दराने येतात. परतावा मिळाला तरी आधी लागलेला मार्कअप बँका सहसा परत करत नाहीत, त्यामुळे परदेशात 'घेऊन बघू, नाही आवडलं तर उद्या परत करू' ही खरेदी फुकट पडत नाही.

हॉटेलमध्ये हा प्रकार जास्त शांतपणे होतो. चेक-इन करताना भरून घेतलेल्या कागदावर किंवा टॅबवर एक छोटी चौकट असते, अंतिम बिल कार्डाच्या चलनात आकारायला संमती देणारी. आपण प्रवासाने थकून आलेलो, किल्लीसाठी ताटकळलेलो, सही करून मोकळे होतो. मग चेक-आउटला कार्ड पुन्हा न मागता बिल रुपयांत लागतं. ती ओळ तिथेच खोडावी आणि सुटायच्या आदल्या रात्री रिसेप्शनवर जाऊन बिल कोणत्या चलनात लागणार ते विचारावं. चेक-इनच्या वेळी अडवून ठेवलेली अनामत हा मात्र खर्च नव्हे. तिच्यावर मार्कअप लागत नाही, फक्त तितकी मर्यादा अडकते, कधी आठवडाभर, कधी त्याहून जास्त. भाड्याने गाडी घेतली तर ही रक्कम मोठी असते. अनामत एका कार्डावर ठेवून बिल दुसऱ्यावर भरलं तर दोन्हींची मर्यादा अडकून बसते, आणि प्रवासाच्या शेवटच्या दिवसांत कार्ड नाकारलं जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

घरबसल्या केलेलं बुकिंगही यातून सुटत नाही. पुण्यात किंवा पणजीत बसून परदेशी संकेतस्थळावर हॉटेल घेतलं, किंमत रुपयांत दिसली, रुपयांतच भरली, तरी ती कंपनी बाहेर नोंदलेली असेल तर बँकेच्या लेखी तो परदेशी दुकानातला रुपयांतला व्यवहार ठरतो आणि वर सांगितलेलं एक टक्क्याचं शुल्क लागू शकतं. विमान कंपन्यांच्या साइटवर, महिन्याच्या वर्गणीवर, सगळीकडे हे लागू आहे. ओळखायची एक खूण म्हणजे बिलावर भारतीय जीएसटी क्रमांक आहे का ते बघणं. तोही दर वेळी निर्णायक नसतो, कारण पैसे कोणत्या देशातल्या खात्यातून वळवले जातात यावर ते ठरतं. शंका असेल तर लहान रकमेचं एखादं बुकिंग करून स्टेटमेंटवर काय उमटतं ते पाहावं आणि मग मोठी रक्कम भरावी. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर संकेतस्थळाचं चलन बदलून हॉटेलच्या देशाचं करावं, किंवा 'हॉटेलवर पैसे भरा' हा पर्याय घ्यावा. पेपाल स्वतःच्या दराने रुपये करून देऊ पाहतं. तिथे पैसे भरण्याच्या पानावर चलनबदलाचा पर्याय उघडून विक्रेत्याच्या चलनातच कार्डावर आकारणी व्हावी असं निवडता येतं.

आता कार्ड कोणतं. भारतात शून्य मार्कअपची क्रेडिट कार्डं आता बऱ्यापैकी आहेत. काही आजीव मोफत, काही वार्षिक शुल्काची, काही मुदत ठेवीवर मिळणारी. ही शेवटची जात विद्यार्थ्यांना आणि निवृत्तांना उपयोगी, कारण पगाराची पावती लागत नाही. नावं इथे मुद्दाम देत नाही. या कार्डांच्या अटी वर्षा-दोन वर्षांत बदलतात आणि जुन्या यादीवर विसंबून घेतलेल्या कार्डावर मार्कअप निघतो. बँकेच्या संकेतस्थळावर एमआयटीसी नावाचा दस्तऐवज असतो, महत्त्वाच्या अटींचा. त्यात परकीय चलनाच्या व्यवहाराचं शुल्क, रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचं शुल्क आणि रोख काढण्याचं शुल्क या तीन ओळी शोधाव्यात. काही कार्डांवर मार्कअप आधी कापून नंतर परत जमा करतात. तिथे कर परत येतो का आणि महिन्याला किती रकमेपर्यंत, हेही वाचावं.

वार्षिक शुल्क परवडतं का, याचा हिशेब करता येतो. शुल्क 1,000 रुपये असेल तर करासह 1,180. साध्या कार्डावर 4.13 टक्के जातात, म्हणजे वर्षात साधारण 28,600 रुपयांचा परदेशी खर्च झाला की शुल्क वसूल. 3,000 रुपयांच्या शुल्कासाठी हाच आकडा सुमारे 86,000 होतो. दोघांच्या प्रवासात दोन लाख रुपये कार्डावर गेले तर साध्या कार्डाने 8,260 रुपये फक्त मार्कअप आणि करात जातात. बक्षीस गुणांचा मोह इथे तपासून घ्यावा. 2.36 टक्के घेणारं कार्ड खरोखर तीन टक्क्यांच्या किमतीचे गुण देत असेल, आणि ते गुण तुम्ही त्या किमतीला वापरता असाल, तर ते शून्यवाल्यापेक्षा बरं. पण गुणांची किंमत विमानाच्या तिकिटावर एक आणि मिक्सरच्या कॅटलॉगवर दुसरी असते, आणि बहुतेकांचे गुण कॅटलॉगवरच संपतात. माझं मत असं की वर्षातून एकदा बाहेर जाणाऱ्याने गुणांच्या मागे न लागता शून्य मार्कअपचं मोफत कार्ड घ्यावं आणि विसरून जावं.

क्रेडिट कार्डाने परदेशात रोख काढू नये. याला अपवाद फारच थोडे. रोख काढण्याचं शुल्क अडीच ते साडेतीन टक्के आणि त्याला किमान रक्कम, त्यावर मार्कअप, त्यावर कर, आणि व्याज त्याच दिवसापासून, कारण रोख रकमेला बिनव्याजी मुदत मिळत नाही. रोखीसाठी शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड ठेवावं. तरीही तिथल्या एटीएमचं स्वतःचं शुल्क उरतंच. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका वेळी 220 बाथ किंवा त्याहून जास्त लागतात. दोन हजार बाथ काढले तर ते 11 टक्के झाले, वीस हजार काढले तर 1.1 टक्के. म्हणून कमी वेळा आणि मोठी रक्कम. तिथल्या लहान दुकानांत कार्डावर वरून तीन टक्के मागतात, तेव्हा रोखच स्वस्त पडते. तो अधिभार दुकानाचा असतो, शून्य मार्कअपच्या कार्डाने तो टळत नाही.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डाबद्दल, घरोघरी फार विश्वास आहे. टूर कंपन्याही तेच सुचवतात. त्याचा खरा फायदा एकच, दर आधी बांधून घेता येतो. खर्च दरातच मुरलेला असतो: ज्या दराने डॉलर भरून देतात तो बाजारभावाच्या वर असतो आणि उरलेले परत करताना खालचा दर मिळतो. चलन विकत घेण्यावर जीएसटीही असतो, एक लाखापर्यंतच्या रकमेवर 0.18 टक्के आणि किमान 45 रुपये. हे किरकोळ आहे. मोठा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो. कार्डात डॉलर भरले आणि खर्च दुसऱ्या चलनात केला की दोन चलनांमधलं शुल्क लागतं, दोन ते साडेतीन टक्के. व्हिएतनामचा डाँग किंवा इंडोनेशियाचा रुपिया बहुतेक मल्टिकरन्सी कार्डांत भरताच येत नाही. बालीला डॉलरचं कार्ड घेऊन जाणारा माणूस एकदा रुपयाचे डॉलर करताना देतो आणि प्रत्येक खरेदीला पुन्हा देतो. अमेरिकेत डॉलर किंवा ब्रिटनमध्ये पाउंड भरलेलं कार्ड ठीक, शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात उपयोगीही. बाकी ठिकाणी ते दुसरं कार्ड म्हणून असावं.

कराचा एक मुद्दा क्रेडिट कार्डाच्या बाजूने आहे. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये, म्हणजे माणसाला वर्षभरात परदेशी पाठवता येणाऱ्या रकमेच्या मर्यादेत, मोजायचं सरकारने मे 2023 मध्ये ठरवलं होतं, पण जून 2023 मध्ये ते पुढे ढकललं. त्यामुळे त्यावर टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. डेबिट आणि फॉरेक्स कार्डावरचा खर्च मात्र मोजला जातो. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांपर्यंत सूट आहे, त्यामुळे साध्या सहलीला हा प्रश्न येत नाही. आणि टीसीएस हा खर्चही नव्हे, विवरणपत्र भरताना तो वळता होतो.

युपीआय आता सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान अशा देशांत काही ठिकाणी चालतं. पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीट 2024 पासून त्याने घेता येतं. अॅपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात. पैसे देण्याआधी रुपयांतली रक्कम दिसते. तो दर त्या दिवशीच्या कार्डाच्या दराशी ताडून पाहावा, फुकट आहे असं गृहीत धरू नये.

निघण्याआधीच्या आठवड्यात करायची कामं कंटाळवाणी आहेत पण सगळा बेत त्यांच्यावर उभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी मिळतं. परदेशी वापर आपणच बँकेच्या अॅपमधून सुरू करायचा. तिथे दुकान, ऑनलाइन, एटीएम आणि टॅप यांची वेगवेगळी बटणं आणि वेगवेगळ्या मर्यादा असतात. दुकानाचं बटण सुरू आणि टॅपचं बंद असं बरेचदा राहून जातं, आणि मग लंडनच्या मेट्रोच्या फाटकावर शून्य मार्कअपचं कार्ड चालत नाही, खिशातलं साधं कार्ड पुढे येतं. क्रेडिट कार्डाचा पिन आठवतो का ते पाहावं. ओटीपी येणारं सिम परदेशात एसएमएस घेईल अशा स्थितीत असावं. दोन कार्डं असावीत, शक्यतो एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत.

उलट दिशेनेही हे सगळं घडतं. न्यू जर्सीहून किंवा बे एरियातून सुट्टीला आलेली भाची महाबळेश्वरच्या नाहीतर कळंगुटच्या हॉटेलात अमेरिकन कार्ड देते तेव्हा इथलं मशीन तिला डॉलरमध्ये आकडा दाखवतं. तिकडच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराचे तीन टक्के लागतात. कॅपिटल वन आणि डिस्कव्हरच्या कार्डांवर ते लागत नाहीत, प्रवासासाठीच्या इतर अनेक कार्डांवरही नाहीत. पण तिने डॉलर निवडले तर दर इथल्या मशीनवाल्या कंपनीचा लागणार. तिच्यासाठी योग्य बटण रुपयांचं आहे. आपण शेजारी उभे असलो तर तिला सांगावं.

परत आल्यावर पहिली दोन स्टेटमेंटं ओळ-ओळ वाचावीत. मार्कअप काही बँका मूळ व्यवहाराखाली दाखवतात, काही पुढच्या बिलात, त्यामुळे एक बिल बघून समाधान मानू नये. परदेशी दुकानाच्या नावापुढे स्थानिक चलनातली रक्कम नसेल आणि थेट रुपये असतील तर तो व्यवहार रुपयांत झाला आहे. आपण स्थानिक चलन मागितलं असूनही असं झालं असेल तर पावतीसह बँकेकडे चुकीच्या चलनाचा वाद नोंदवता येतो. ग्राहकाला निवड द्यायलाच हवी असा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे. म्हणून पावत्या हॉटेलच्या कचरापेटीत न टाकता त्यांचे फोटो काढून ठेवावेत, त्या कागदावरची शाई लवकर उडू शकते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधानकारक दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि त्याला शुल्क नाही.